सेकंदाला सातशे कोटी टकरा

दारं-खिडक्या लावलेल्या, पंखा बंद असलेल्या खोलीत निरांजनाची ज्योत हलत नाही, तेव्हा आपण म्हणतो की हवा पडली आहे. त्याच खोलीत तापमान २७ अंश सेल्सिअस असेल तर नायट्रोजनचा रेणू सरासरी सेकंदाला ४७५ मीटर वेगाने धावत असतो, म्हणजे ताशी १,७०० किलोमीटर. आवाजसुद्धा हवेतून याहून सावकाश जातो, सेकंदाला ३४७ मीटर. असले रेणू ज्योतीवर चहूबाजूंनी अखंड आदळतात आणि ज्योत जागची ढळत नाही.

या दोन गोष्टी एकत्र कशा नांदतात, ते वायूंचा गत्यात्मक सिद्धांत सांगतो. अकरावी-बारावीच्या पुस्तकांत तो चार पानांत उरकलेला असतो: आधी गृहीतकं, मग सिद्धता, मग सूत्र चौकटीत. मार्कांपुरतं ते पुरतं. पण त्यातली खरी अक्कल मागेच राहते. एकाही रेणूचा ठावठिकाणा ठाऊक नसताना त्या सगळ्या जमावाबद्दल इथे अगदी ठाम बोलता येतं, आणि जमाव जितका मोठा तितकं जास्त ठाम बोलता येतं.

सिद्धांताचं भांडवल थोडंच आहे. वायू म्हणजे असंख्य बारीक कण. ते सरळ रेषेत पळतात, भिंतीवर आणि एकमेकांवर आपटतात, आपटले की ऊर्जा न गमावता उसळतात. दोन टकरांच्या मधल्या वेळात कुणी कुणाला ओढत नाही की ढकलत नाही. बास, एवढंच. डॅनिएल बर्नुलीने हे चित्र १७३८ सालीच छापलं होतं आणि त्यावरून दाबाचा नियमही काढून दाखवला होता. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे वायूचे कण जागच्या जागी राहून एकमेकांना दूर लोटत, आणि उष्णता म्हणजे ‘कॅलरिक’ नावाचा एक वजनरहित द्रव असे, जो तापलेल्या वस्तूतून गार वस्तूत वाहत जाई. ही समजूत पुढे शंभर वर्षं टिकली, कारण तिच्यातूनही बरीचशी उत्तरं बरोबर यायची. विज्ञानात चुकीच्या कल्पना दीर्घायुषी होतात त्या बहुधा अशाच.

आता दाबाचा हिशेब. दहा सेंटिमीटर बाजूचा एक चौकोनी डबा घ्या आणि त्यात एकच रेणू सोडा, समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला ५०० मीटर वेगाने येरझाऱ्या घालणारा. एका भिंतीवर आपटून पुन्हा त्याच भिंतीशी यायला त्याला २० सेंटिमीटर कापावे लागतात, म्हणून तो तिच्यावर सेकंदाला २,५०० वेळा आपटतो. त्याचा वेग दुप्पट करा. आपटण्याची संख्या दुप्पट होते आणि शिवाय प्रत्येक आपटीचा जोरही दुप्पट होतो, म्हणून भिंतीवरचा रेटा चौपट. सूत्रात वेगाचा वर्ग येतो तो इथून, आणि पुढचं सगळं या वर्गावर उभं आहे. आता वेग तोच ठेवून समोरची भिंत निम्म्या अंतरावर आणा. येरझार निम्मी, धडका दुप्पट, दाब दुप्पट. आकारमान निम्मं केलं की दाब दुप्पट होतो, हा रॉबर्ट बॉइलचा १६६२ सालचा नियम. तो त्याने मोजून काढला होता. इथे तो आपसूक हाती आला.

खऱ्या डब्यात रेणू अगणित असतात आणि वाटेल त्या दिशेला पळतात. पण उजवीकडे-डावीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली या तिन्ही जोड्यांत कुणी लाडकी नाही, म्हणून वेगाच्या वर्गाची सरासरी तिघींत सारखी वाटली जाते. प्रत्येकीला एक तृतीयांश. सगळं जोडलं की सूत्र मिळतं: दाब म्हणजे घनता गुणिले वेगाच्या वर्गाची सरासरी, भागिले तीन.

मग भिंतीला एकेक धक्का का जाणवत नाही? साध्या हवेत भिंतीच्या एका चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला सुमारे ३ वर २३ शून्यं इतके रेणू आदळतात. पत्र्यावर पाऊस सुरू होतो तेव्हा पहिले टपोरे थेंब सुटे ऐकू येतात. सर धरली की थेंब हरवतात आणि एकसंध आवाज उरतो. दाब हा तसा एकसंध आवाज आहे. तळहाताचं क्षेत्रफळ शंभरेक चौरस सेंटिमीटर धरलं तर त्यावर हवेचा भार शंभर किलोच्या आसपास पडतो. हाताच्या दोन्ही बाजूंनी तो तितकाच असतो म्हणून हात खाली जात नाही.

या सूत्राचा एक उपयोग मला फार आवडतो, कारण त्याला रेणूचं वजन, संख्या, आकार यातलं काहीही माहीत असावं लागत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब १,०१,३२५ पास्कल. २७ अंशाला कोरड्या हवेचं वजन घनमीटरला सुमारे १.१८ किलो. दाबाला तीनने गुणा आणि घनतेने भागा: २,५७,६०० च्या आसपास आकडा येतो. त्याचं वर्गमूळ काढा: सुमारे ५०८. रेणूंचा वेग सेकंदाला ५०८ मीटर! वायुभारमापक आणि तराजू, एवढ्या दोन साधनांवर कधीच न दिसलेल्या वस्तूचा वेग काढता येतो. (सुरुवातीचा आकडा ४७५ होता आणि इथे ५०८ आला, ही चूक नव्हे. तिथे वेगांची साधी सरासरी होती. इथे आधी वर्ग, मग सरासरी, मग वर्गमूळ. वर्ग करताना वेगवान रेणूंचं पारडं जड होतं म्हणून आकडा थोडा चढतो.)

तापमानाचं काय? प्रयोगातून माहीत असलेला नियम सांगतो की ठरावीक वायूसाठी दाब गुणिले आकारमान हे केवळ तापमानावर ठरतं, तेही निरपेक्ष शून्यापासून (उणे २७३ अंश सेल्सिअसपासून) मोजलेल्या. आपलं सूत्र सांगतं की तेच गणित रेणूंच्या गतिज ऊर्जेवर, म्हणजे पळण्यामुळे अंगी असलेल्या ऊर्जेवर ठरतं. दोन्ही एकच असतील तर तापमान म्हणजे रेणूच्या गतिज ऊर्जेची सरासरीच, दुसऱ्या मापात सांगितलेली. त्या दोन मापांना जोडणाऱ्या आकड्याला बोल्ट्झमन स्थिरांक म्हणतात. २० मे २०१९ पासून तर केल्विन या तापमानाच्या एककाची व्याख्याच या स्थिरांकाची किंमत कायमची पक्की ठरवून केली जाते. पाण्याच्या गोठण्या-उकळण्याशी तिचा संबंध आता उरलेला नाही. यातून एक गोष्ट ओघाने येते. एकट्या रेणूला तापमान नसतं. ‘हा रेणू गरम आहे’ या वाक्याला अर्थच नाही. तो जमावाचा गुण आहे, सरासरी उत्पन्नासारखाच.

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाची नळी खालच्या बाजूला तापते. बरेच जण घर्षणाला दोष देतात. थोडा दोष त्याचा असतोही, पण मुख्य कारण वेगळं आहे. दट्ट्या सेकंदाला एक मीटर वेगाने आत येतोय असं धरा. समोरून ५०० च्या वेगाने आलेला रेणू स्थिर भिंतीवरून ५०० नेच परतला असता; चालून येणाऱ्या दट्ट्यावरून तो ५०२ ने परततो. दोन मीटरची वाढ किरकोळ वाटेल, पण दट्ट्या तळाला पोचेपर्यंत अशा धडका अगणित होतात आणि वाढ साचत जाते. रेणूंचा वेग वाढला, म्हणजेच हवा तापली. दट्ट्या मागे ओढला तर उलटं: पळत्या भिंतीवरून रेणू मंदावून परततात आणि हवा गार होते. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्री चढते तेव्हा हेच होतं, फक्त दट्ट्याच्या जागी भोवतालची हवा असते. वर दाब कमी, म्हणून चढणारी हवा पसरते, भोवतालच्या हवेला बाजूला रेटते, त्यात तिची ऊर्जा खर्च होते आणि ती गार पडते. गार हवेत वाफ मावत नाही, आणि घाटमाथा झोडपला जातो.

तापमान म्हणजे रेणूंच्या गतीचा वर्ग, हे ज्याने फार लवकर ओळखलं तो माणूस तेव्हा मुंबईत राहत होता. जॉन जेम्स वॉटरस्टन, एडिंबराचा इंजिनिअर. ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या कॅडेटांना शिकवायला तो १८३९ साली मुंबईला आला आणि १८५७ पर्यंत इथे राहिला. फावल्या वेळात त्याने वायूंच्या रेणूंवर एक लांबलचक निबंध लिहिला आणि १८४५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. त्यात एक विलक्षण विधान होतं: एकाच तापमानाला असलेल्या वेगवेगळ्या वायूंत जड रेणू सावकाश पळतात आणि हलके वेगाने, पण प्रत्येकाचं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग सरासरीने सारखाच भरतो. ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या सोळा पट जड, म्हणून हायड्रोजन चौपट वेगवान. सोसायटीच्या एका परीक्षकाने शेरा मारला की हा निबंध निव्वळ अर्थशून्य आहे, सभेत वाचण्याच्याही लायकीचा नाही. निबंध छापला गेला नाही. सोसायटीच्या नियमामुळे परतही मिळाला नाही, आणि वॉटरस्टनने आपल्याजवळ प्रत ठेवलेली नव्हती.

१८९१ साली भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅलेने, तो सोसायटीचा सचिव असताना, दप्तरातून ते बाड शोधून काढलं आणि पुढच्या वर्षी प्रस्तावनेसह छापलं. हा निबंध वेळेवर छापला न गेल्याने हा विषय दहा-पंधरा वर्षं मागे पडला, असं रॅलेचं मत होतं. त्याच प्रस्तावनेत त्याने तरुण संशोधकांना सल्लाही दिला: आधी छोट्या, सहज जोखता येईल अशा कामावर नाव मिळवा, मग मोठी झेप घ्या. सल्ला व्यवहारी आहे, पण त्या जागी वाचताना चीड येते. वॉटरस्टनपर्यंत यातलं काही पोचलं नाही. १८८३ साली तो एडिंबरातल्या घरातून फिरायला म्हणून बाहेर पडला तो परतलाच नाही.

त्याच्या विधानाचा एक साधा पडताळा आपल्याकडे दर मे-जूनला येतो. पावसाच्या तोंडावर मुंबई-कोकणात घामाघूम झालेले लोक म्हणतात, हवा जड झाली आहे. वजनाने ती उलट हलकी झालेली असते. तापमान आणि दाब सारखे असतील तर तेवढ्याच जागेत रेणूंची संख्याही सारखीच लागते, रेणू कुठलाही असो. जड रेणू सावकाश आणि हलके जोरात पळून दाबाचं गणित बरोबर जुळवून घेतात. मग हवेत वाफ शिरली म्हणजे काही नायट्रोजन आणि ऑक्सिजन रेणूंची जागा पाण्याच्या रेणूंनी घेतली. हायड्रोजनच्या अणूच्या पटीत मोजलं तर पहिल्या दोघांचं वजन २८ आणि ३२, पाण्याचं १८. जडपणा वाटतो तो घाम वाळत नाही म्हणून.

युरोपात हा विषय पुन्हा उभा राहिला तो १८५७ साली, जर्मन भौतिकशास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉसियसच्या निबंधाने. त्याने शून्य अंशाला ऑक्सिजनच्या रेणूचा वेग सेकंदाला ४६१ मीटर आणि हायड्रोजनचा १,८४४ मीटर काढला. बरोबर चौपट. त्यावर बाइज बॅलट या डच हवामानशास्त्रज्ञाने असा आक्षेप घेतला की ऐकणाऱ्याला पटकन पटावा. रेणू इतके सुसाट पळत असतील, तर खोलीत तंबाखूचा धूर थरांसारखा तरंगत का राहतो? एका कोपऱ्यात सोडलेल्या वायूचा वास दुसऱ्या कोपऱ्यात यायला एवढा वेळ का लागतो? स्वयंपाकघर तीन मीटरवर असेल तर हिंगाचा वास फोडणीनंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत नाकाशी यायला हवा.

क्लॉसियसने १८५८ साली दिलेलं उत्तर हा या सगळ्या गोष्टीतला मला सर्वांत देखणा भाग वाटतो. रेणू वेगवान आहेत, पण त्यांना मोकळी वाट नाही. एका टकरीपासून पुढच्या टकरीपर्यंत सरासरी जेवढं अंतर मिळतं त्याला माध्य मुक्त पथ म्हणतात. साध्या हवेत तो सुमारे ६७ नॅनोमीटर असतो, म्हणजे एका मिलिमीटरचे पंधरा हजार भाग केले तर त्यातल्या एकाएवढा. शेजारच्या रेणूपर्यंतचं अंतर साडेतीन नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे रेणू वीसेक शेजाऱ्यांना हुलकावणी देतो आणि मग सापडतोच. ४७५ मीटरला ६७ नॅनोमीटरने भागा: सेकंदाला सुमारे ७०० कोटी टकरा. आणि दर टकरीनंतर दिशा नवी, आधीच्या दिशेचा जवळपास विसर.

अशा दिशाहीन चालीत शंभर पावलांनी माणूस शंभर पावलं पुढे जात नाही. सरासरीने दहाच जातो. शंभराचं वर्गमूळ. दहा हजार पावलांनी शंभर. तीन मीटर म्हणजे आपल्या रेणूची साडेचार कोटी पावलं, पण ती भरकटत गाठायची तर त्या संख्येचा वर्ग घ्यावा लागतो: सुमारे २ वर १५ शून्यं. सेकंदाला ७०० कोटी टकरांच्या हिशेबाने याला तीन दिवस आणि वर काही तास लागतात. गणित ढोबळ आहे, थोडं इकडेतिकडे होईल, पण उत्तर दिवसांतच येतं, आणि वासाचे रेणू जड असल्याने त्यांना आणखी उशीर. मग फोडणी लगेच कळते कशी? रेणू एकटे येत नाहीत म्हणून. तापलेली हवा वर उठते, दारातून झुळूक येते, माणसं ये-जा करतात, आणि हवेचे लोटच्या लोट वास घेऊन येतात.

क्लॉसियसने सोयीसाठी सगळे रेणू एकाच वेगाने पळतात असं धरलं होतं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५९ साली ते सोडून दिलं. एवढ्या टकरा होत असतील तर एखादा रेणू मागून धक्का खाऊन सुसाट सुटणार आणि एखादा समोरून आपटून जवळजवळ थांबणार. कोण कुठे आहे ते विचारू नका. कुठल्या वेगाचे किती आहेत ते विचारा. त्या प्रश्नाला पक्कं उत्तर आहे. भौतिकशास्त्राच्या एखाद्या नियमात ‘शेकडा इतके’ अशी भाषा मुळातच येण्याची ही सुरुवात. २७ अंशाच्या नायट्रोजनमध्ये सर्वाधिक रेणू ४२२ मीटर या वेगाच्या आसपास असतात. १,००० मीटरच्या वर असतो शंभरात एखादा. २,००० च्या वर शंभर कोटींत एखादा. ३,००० च्या वरचे इतके विरळ की एक लिटर हवेतल्या एवढ्या प्रचंड गर्दीत ते कोणत्याही क्षणी पंधरा-वीसच सापडतील. आलेख उजवीकडे असा झपाट्याने उतरतो, पण शून्याला कधी टेकत नाही.

त्या उजवीकडच्या शेपटीत बरंच काही दडलेलं आहे. माठातलं पाणी गार होतं कारण पृष्ठभागावरून सटकणारे रेणू हे चपळांतले चपळ असतात, आणि मागे राहिलेल्यांची सरासरी खाली येते. मुंबईच्या दमट हवेत जेवढे सुटतात जवळपास तेवढेच परत येऊन पडतात, म्हणून नागपुरात गारवा देणारा कूलर मुंबईत फिका पडतो. पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला ११ किलोमीटर वेग लागतो. वातावरणाच्या अगदी वरच्या थरात, जिथे तापमान १,००० केल्विनच्या घरात जातं, हायड्रोजनच्या अणूंत हजारात दोन-तीन या वेगाच्या वर असतात आणि ते कायमचे निघून जातात. सोळा पट जड ऑक्सिजन अणूंत असा एकही सापडणार नाही. चंद्रावर सुटकेचा वेग २.४ किलोमीटरच, त्यामुळे तिथे हवेने तग धरणं अवघड.

मॅक्सवेलच्या गणितातून एक निष्कर्ष असा निघाला की खुद्द त्यालाही तो विचित्र वाटला: वायूची श्यानता, म्हणजे त्यातून सरकणाऱ्या वस्तूला होणारा घासटता विरोध, वायूच्या दाटपणावर अवलंबून नसतो. हवा निम्मी काढून घेतली तरी विरोध तेवढाच. कारण ऐकलं की पटतं. विरोध होतो तो रेणू एका थरातली गती दुसऱ्या थरात वाहून नेतात म्हणून. रेणू निम्मे केले तर हमाल निम्मे झाले, पण गर्दी घटल्याने प्रत्येक जण दुप्पट लांबून ओझं आणतो. मॅक्सवेल आणि त्याची पत्नी कॅथरीन यांनी लंडनच्या घरात माळ्यावर हा प्रयोग केला. बंद भांड्यात काचेच्या तबकड्या तारेवर टांगून झुलवायच्या आणि हवेचा दाब उतरवत झोके किती लवकर मंदावतात ते बघायचं. तापमान चढवायला ऐन उन्हाळ्यात खोलीत शेगडी पेटवून त्यावर किटल्या ठेवल्या जात, आणि ती भट्टी सांभाळायचं काम कॅथरीनचं. नंतर तीच खोली बर्फ आणून गार केली. दाब खूप उतरवला तरी झोके त्याच गतीने मंदावले. १८६६ साली निकाल जाहीर झाला, आणि ज्यांना रेणू ही नुसती सोयीची कल्पना वाटत होती त्यांना उत्तर देणं जड गेलं.

श्यानतेवरून मुक्त पथ कळतो. वायूचा द्रव केला की तो किती जागेत मावतो, हे मोजता येतं. या दोन आकड्यांवरून व्हिएन्नाच्या योहान लोश्मिटने १८६५ साली रेणूचा व्यास काढला: साधारण एक नॅनोमीटर. खरा आकडा याच्या एक तृतीयांशाच्या जवळपास आहे. पहिल्या प्रयत्नाला हे फार चांगलं.

रेणूंना आकार असतो आणि ते एकमेकांना थोडे ओढतातही, हे ध्यानात घेऊन व्हान डर वाल्सने १८७३ साली वायूचं सूत्र दुरुस्त केलं. ती ओढ नसती तर कुठलाच वायू द्रव झाला नसता आणि स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरमध्ये भरता आला नसता. या सूत्राची आणखी एक डागडुजी १९१८ साली मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या कलकत्त्याच्या दोन पंचविशीतल्या तरुणांनी मिळून केली.

आता त्या ठामपणाकडे येऊ. एका घनसेंटिमीटर हवेत २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. रेणू आत-बाहेर करत असतात, म्हणून ही संख्या सतत थोडी हलते. किती हलते? तिच्या वर्गमुळाइतकी: ५०० कोटींनी. आकडा अवाढव्य वाटतो, पण मूळ संख्येच्या मानाने तो ५०० कोटींत एक भाग आहे. इतकी सूक्ष्म चलबिचल कुठल्या मापकावर दिसणार? म्हणून दाब स्थिर, म्हणून ज्योत स्थिर. तीच मोजणी दहा नॅनोमीटर बाजूच्या घनात केली तर तिथे रेणू असतात पंचवीसेक, आणि चढउतार पाचाचा. वीस टक्के! तिथे ‘दाब किती’ या प्रश्नाला धड उत्तर नाही. १९०५ साली आइन्स्टाइनने दाखवलं की पाण्यात तरंगणारा बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली थरथरताना दिसतो तो याच असमतोलामुळे, आणि तीनेक वर्षांत पॅरिसमध्ये जाँ पेरँने ती थरथर मोजून रेणूंबद्दलचा वाद जवळपास मिटवला.

याची साक्ष सूक्ष्मदर्शकाशिवायही मिळते. निळ्या प्रकाशाच्या एका तरंगलांबीएवढ्या, म्हणजे ४५० नॅनोमीटर बाजूच्या घनात सुमारे २२ लाख रेणू असतात आणि त्यांत दीडेक हजारांची घट-वाढ चालू असते. हवा शंभर टक्के एकसारखी पसरलेली असती तर बाजूला विखुरणारा प्रकाश एकमेकांना खोडून टाकता आणि भरदुपारी आकाश काळं दिसतं. या घट-वाढीमुळे खोडणं पुरतं जमत नाही, आणि उरलेला निळा आपल्यापर्यंत येतो. हवेचे रेणूच आकाशाला निळं करायला पुरेसे आहेत, हे १८९९ साली दाखवून देणारा म्हणजे वॉटरस्टनचं बाड उकरून काढणारा तोच रॅले.

हा सिद्धांत एका ठिकाणी मात्र सपशेल अडला, आणि मॅक्सवेलने ते लपवलं नाही. वायूला दिलेली उष्णता रेणूच्या सगळ्या प्रकारच्या हालचालींत सारखी वाटली जाते, असं गणित सांगतं. नायट्रोजनचा रेणू म्हणजे जोडलेले दोन अणू. तो तीन दिशांना पळतो, दोन तऱ्हांनी गरगरतो, आणि मधला बंध स्प्रिंगसारखा ताणत-आकसत थरथरतो. थरथरीचे दोन वाटे धरून एकूण सात. मोजणी मात्र पाचच सांगते. थरथर आपला वाटा घेतच नाही! यावर एकोणिसाव्या शतकात कुणालाच तोड सुचली नाही. उत्तर आलं ते १९०० नंतर, क्वांटम सिद्धांतातून: थरथरीला ऊर्जा फुटकळ घेता येत नाही, पुडीच घ्यावी लागते, आणि नायट्रोजनची पुडी खोलीच्या तापमानाला एका टकरीत मिळणाऱ्या सरासरी ऊर्जेपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्यामुळे जवळजवळ सगळे रेणू न थरथरता नुसते पळतात आणि गरगरतात.

हे तपासायला मोठी प्रयोगशाळाही लागत नाही. आवाज जाताना हवा क्षणभर दाबली जाते आणि पंपातल्यासारखी थोडी तापते. जितकी जास्त तापेल तितकी ती ताठ आणि आवाज तितका वेगवान. थरथरीने आपला वाटा उचलला असता तर हवा कमी तापली असती आणि २७ अंशाला आवाजाचा वेग भरला असता सेकंदाला ३३३ मीटर. मोजला तर तो ३४७ भरतो.